पाचवं माणूस

काकांचा फोन आला तेव्हा मी जालन्यातल्या आमच्या घरी चटणीसाठी कारळं भाजत होते. रविवार होता. काका घनसावंगीहून बोलत होते आणि नेहमीसारखे फोनवर ओरडत होते. दीड तासात मोंढ्याच्या कोपऱ्यावर येऊन थांब, म्हणाले. भोकरदनकडं जायचंय, तुझ्या बहिणीचं आंदण आणायला. तिथं माझं काय काम, असं मी विचारलं तेव्हा खरं कारण बाहेर आलं.

"आम्ही चौघं होऊन राह्यलो. तुझी काकू दारातून निघू देईना."

चौघं म्हणजे खांदेकरी. आमच्या घरात कुठल्याही कामाला चौघं निघत नाहीत. सोयरीक बघायला गेले तरी पाच, बैल बघायला गेले तरी पाच. पाचवं कोणी मिळालं नाही तर शेजारच्याला धोतर बदलायला लावून सोबत नेल्याचं मी लहानपणी पाहिलेलं आहे. तर मी पाचवी. वर काकांनी हेही ऐकवलं की तू कायदा शिकून राह्यलीस, तोंड तरी चालवशील. मी गॅस बंद केला. कारळं थोडी करपली होती.

बहीण म्हणजे काकांची मुलगी, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढच्या एका गावात तिला दिलेलं होतं. सहा वर्षं तिथं राहिली, मूल झालं नाही, आणि मग जे व्हायचं ते होऊन ती दोन वर्षांपासून माहेरी होती. दोन्हीकडचे जाणते बसले, राजीखुशीनं सोडचिठ्ठी घ्यायचं ठरलं, आणि तिचं आंदण तिनं न्यावं हेही ठरलं. त्यांनी दोनदा तारीख दिली. दोन्ही वेळा काका गेले तर दाराला कुलूप. तिसऱ्या वेळी काकांनी न सांगता जायचं ठरवलं.

गाडीत होते ते असे: काका, त्यांचा मुलगा म्हणजे माझा चुलतभाऊ, बहिणीचे मामा, बहीण स्वतः, आणि मोंढ्यावर चढलेली मी. चुलतभाऊ वर्षभरापूर्वीच तलाठी म्हणून लागला होता. परीक्षेच्या चार खेपा झाल्यावर पाचवीत निघाला होता आणि अजून कायम व्हायचा होता. घरातली पहिली सरकारी नोकरी. काकू त्याचं ओळखपत्र देवघरात ठेवून त्याला हळदकुंकू वाहायची, म्हणजे बघा.

गाडी काकांच्या गल्लीतल्या एकाचा छोटा हत्ती टेम्पो होता. तोच चालवत होता. घनसावंगीत काकूनं दारात उभं राहून माणसं मोजली तेव्हा तो गाडीत बसून होता. त्याला कोणी मोजलं नाही. मीही मोंढ्यावर चढताना मोजलं नाही.

त्या घरी बहिणीची सासू एकटी होती. ओट्यावर बसून सुपारी कातरत होती. आम्हाला पाहून तिनं अडकित्ता कोनाड्यात ठेवला आणि उभी राहिली. बहीण सवयीनं तिच्या पाया पडली. सासूनंही सवयीनं तिच्या डोक्याला हात लावला. मग दोघींच्याही लक्षात आलं आणि दोघी मागं सरल्या.

माझ्या हातात यादी होती. लग्नाच्या वेळी लिहिलेली, वर कुंकवाची बोटं उमटलेली, खाली दोन्हीकडच्या सह्या. मी एकेक नाव वाचायची, मामा आणि चुलतभाऊ ती वस्तू उचलायचे, मी पेनानं खूण करायची. पितळी घागर, दोन पातेली, बारा ताटं, शिलाई मशीन, गादी. मी मोठ्या ऐटीत वाचत होते. यादीबाहेरचं काडीभरही घ्यायचं नाही, असं मी गाडीतच सगळ्यांना बजावलं होतं. हे बजावणारी मीच, हे लक्षात ठेवा.

कपाटाची पाळी आली तेव्हा सासू दारात आडवी उभी राहिली. पोरगा कंपनीत गेलाय, त्याला येऊ द्या, मंग न्या, म्हणाली. आता वाटतं, तिचं काही वावगं नव्हतं. चुलतभावानं तिचं मनगट धरून तिला बाजूला केलं. मारलं नाही, ढकललंही नाही, पण एक बांगडी फुटली आणि मनगटावर रक्ताचा थेंब आला. ती थोडा वेळ मनगटाकडं बघत राहिली. मग बहिणीकडं बघून म्हणाली, "सहा वर्सं एक लेकरू देऊ शकली न्हाई. आता भांडे मोजून घेऊन चालली."

बहीण खाली फरशीकडं बघत होती. ती काही बोलली असती तर मी गप्प बसले असते. ती बोलली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुलतभाऊ आणि मामा कपाट तिरकं करून बाहेर काढत होते, काका त्यांना दिशा सांगत होते. मी हात लांब केला, कोनाड्यातला अडकित्ता उचलला आणि पर्समध्ये टाकला.

मला तो नको होता. आमच्या घरात सुपारी कोणी खात नाही. मला एवढंच हवं होतं की संध्याकाळी त्या बाईनं कोनाड्यात हात घालावा आणि तिला तो सापडू नये. रोज हात घालावा आणि रोज सापडू नये. माझ्या मनात नेमकं हेच होतं, आणि पुढच्या बारा दिवसांत मी ते स्वतःपासून लपवायचा पुष्कळ प्रयत्न केला.

परत येताना मी मागं हौद्यात कपाटाला टेकून बसले होते. राजूरपर्यंत मला बरं वाटत होतं. राजूर मागं पडलं आणि मला वर्ग आठवला.

मी विमा कार्यालयात कारकून आहे. चाळिशी जवळ आल्यावर कायदा शिकायची हौस आली आणि सकाळच्या कॉलेजात नाव घातलं. आम्हाला गुन्ह्यांचा कायदा शिकवणारे सर म्हातारे वकील. नवा कायदा आला तेव्हा त्यांचे सगळे पाठ असलेले आकडे एका दिवसात बदलले, तेव्हापासून ते आकड्यांवर रुसले होते आणि फक्त घटक शिकवायचे. गुन्हा म्हणजे डाळीला फोडणी नाही, अंदाजानं घातली, असं म्हणायचे. प्रत्येक गुन्ह्यात काय काय पडलेलं असतं ते मोजून सांगा. नुसतं कृत्य पुरत नाही, मनही दोषी लागतं. हे इंग्रजांच्या देशातून आलं आणि नव्या कायद्यानं आकडे बदलले तरी हे काही बदललं नाही. जुन्या इंग्लंडात म्हणे रात्रीच्या अंधारात दुसऱ्याचं दार फोडून शिरलं तरच घरफोडी धरत. दिवसा शिरणारा त्यातून सुटायचा. आम्ही यावर हसलो होतो.

मग सरांनी फळ्यावर तीन पायऱ्या काढल्या होत्या. खालच्या पायरीवर चोरी: दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूनं, जागची हलवली. हलवली की झाली. ती घरी नेली पाहिजे असं नाही. आपलीच वस्तू आहे असं मनापासून समजून नेली तर चोरी नाही. आणि अप्रामाणिक म्हणजे आपला फायदाच पाहायचा असं नाही, समोरच्याचं नुकसान व्हावं एवढं मनात असलं तरी पुरतं. मधल्या पायरीवर जबरी चोरी: तीच चोरी, आणि ती करताना किंवा माल नेताना कोणाला इजा केली, धाक घातला. वरच्या पायरीवर दरोडा. त्यात नवीन काही पडत नाही. फक्त माणसं पाच लागतात.

घागर आमची. मशीन आमचं. कपाट आमचं. हे सगळं नेलं ते हक्क समजून नेलं, त्यात चोरी नाही, आणि चोरी नाही तर फुटलेल्या बांगडीचा दरोडा होत नाही. पायरीच नाही तर चढणार कुठून. पण माझ्या पर्समध्ये अडकित्ता होता. तो मी हक्क समजून घेतला नव्हता. मीच खालची पायरी बांधून दिली होती. मनगट चुलतभावानं धरलं होतं. आणि पाच आम्ही काकूच्या शकुनापायी झालो होतो.

मोंढ्यावर उतरताना तो गाडीतच टाकून द्यावा असं मनात आलं. पण मग तो गाडीत सापडला असता. मी तसाच घरी आणला, रुमालात गुंडाळला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. नवऱ्याला सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर तो हसला असता आणि मला ते हसणं सहन झालं नसतं.

दोन दिवसांनी चुलतभावाचा फोन आला. आवाज बसलेला. तिकडच्या पोलीस ठाण्यात सासूनं अर्ज दिला होता. गाडीचा नंबर शेजाऱ्यानं लिहून ठेवला होता, त्यामुळे पहिला फोन ड्रायव्हरला गेला आणि त्याला कागदपत्रं घेऊन बोलावलं गेलं. अजून गुन्हा दाखल नव्हता, चौकशी होती, पुढच्या आठवड्यात दोन्हीकडच्यांना बोलावलं होतं. जमादार चुलतभावाला फोनवर एवढंच म्हणाले होते की मारहाण म्हणती, सामान नेलं म्हणती, पाच-सहा जण म्हणती, हे कुठं जाऊन राह्यलं तुम्हाला कळतं का.

"ताई, आत घेतलं तर अठ्ठेचाळीस तासांनी माझं निलंबन होतं," तो म्हणाला. "अजून कायम झालो न्हाई मी. सरळ घरी पाठवतील."

मी त्याला म्हणाले, आपण आपलंच सामान आणलं, घाबरू नको. हे मी इतकं ठणकावून म्हणाले की तो म्हणाला, तू आहेस म्हणून बरं आहे.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी सरांना गाठलं. समजा, असं म्हणून सुरुवात केली. कायद्याच्या कॉलेजात समजा हा शब्द फार सोयीचा आहे, त्यात कोणाचंही पाप घालता येतं. समजा पाच जण आपलं सामान आणायला गेले. समजा त्यातल्या एकानं, बाकीच्यांना न सांगता, एक वस्तू घेतली. सर म्हणाले, बाकीच्यांच्या मनात नव्हतं तर ती त्यांची चोरी नाही, त्याची एकट्याची. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सर पुढं म्हणाले, "पण बाई, हे कोर्टात सिद्ध होणार. ठाणेदाराला मन कुठं दिसतं? त्याला माणसं दिसतात, रक्त दिसतं, गेलेली वस्तू दिसते. तो तेवढ्यावर लिहितो. मनाचा नंबर पुष्कळ उशिरा लागतो." मग त्यांनी चष्मा काढून विचारलं की वस्तू काय होती. मी म्हणाले, समजा काहीही.

ते बारा दिवस मी कशी वागले ते आठवलं की आजही माझा मलाच राग येतो. ऑफिसात कोणी पावती मागितली तरी दचकायचे. घरी आल्यावर आधी साड्यांखाली हात घालून तो आहे का पाहायचे. विहिरीत टाकावा का. पार्सलनं पाठवावा का. पण पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव लागतं. आणि परत पाठवला म्हणजे घेतला होता हे कबूल झालं. सुपारी न खाणाऱ्यांच्या घरात अडकित्ता सापडला तर काय सांगायचं, म्हणून एकदा मी पावशेर सुपारीही विकत आणली. नवऱ्यानं विचारलं हे काय, तर पूजेची आहे म्हणाले. पावशेर सुपारी कोणत्या पूजेला लागते, हे त्यानं विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

मी आणखी एक गणित करून पाहायचे. मी गेलेच नव्हते असं सांगितलं तर? मग उरतात चार. चौघांचा दरोडा होत नाही. चुलतभाऊ एक पायरी खाली उतरतो. यादी काकांनीच वाचली म्हणायचं. मी हे काकांना सुचवलंही. काका म्हणाले, त्या बाईनं तुला डोळ्यांनी पाहिलंय, तुझा आवाज आख्ख्या गल्लीनं ऐकलाय, आणि तू कायदा शिकून हे सांगतीस? मी फोन ठेवला.

बोलावल्याच्या दिवशी अडकित्ता घरी ठेवायची हिंमत झाली नाही. पर्समध्येच घेतला. म्हणजे चोरीचा माल घेऊन मी स्वतः होऊन पोलीस ठाण्यात गेले. पुन्हा तोच छोटा हत्ती, तोच ड्रायव्हर. वाटेत त्यानं टेप चालू केला नाही. एरवी गाणी लावायचा.

ठाण्यात सासू आणि तिचा मुलगा बाकावर बसले होते. सासूच्या मनगटावर आता काहीच दिसत नव्हतं. फौजदार तरुण होते आणि त्यांना हे प्रकरण वाढवायचं नव्हतं, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. त्यांनी यादी मागितली. ती त्यांनी सासूच्या मुलाला वाचून दाखवली आणि प्रत्येक वस्तूला विचारलं, ही तिची का? तो हो म्हणत गेला. घागर हो, पातेली हो, कपाट हो. बहीण भिंतीशी उभी होती. चुलतभाऊ हात मागं बांधून शाळेतल्यासारखा उभा होता.

यादी संपली तेव्हा फौजदार म्हणाले, बांगडीचं काय ते दोघांनी माफी मागून मिटवा. यादीबाहेरचं काही गेलं असेल तर आत्ताच सांगा. काही गेलं नसेल तर मी अर्ज निकाली काढतो, सोडचिठ्ठीचं कोर्टात बघा.

सासू म्हणाली, "माझा अडकित्ता गेला."

जमादार हसले. अडकित्त्यासाठी एवढ्या लांबून, असं काहीतरी म्हणाले. सासू हसली नाही. माझ्या मायचा व्हता, म्हणाली. तो मिळंस्तोवर मी अंगठा देणार न्हाई.

चुलतभावाच्या कानशिलावरून घाम उतरत होता. मग काका बोलले. माझे काका, ज्यांनी आयुष्यात कोणाचं पेंडीचं पोतं हलवलं नाही, ते म्हणाले, "आमच्यातलं कोणी घेणार न्हाई साहेब. ड्रायव्हर आत-बाहेर करून राह्यल्ता. त्यानं उचलला असंल."

मामांनी मान हलवली. बराबर आहे, म्हणाले, तो दोनदा पाणी प्यायला आत आल्ता. चुलतभावाचा चेहरा सैल झाला, ते मी पाहिलं. जमादार दाराकडं वळले आणि त्यांनी ड्रायव्हरला आत बोलवायला सांगितलं. तो आला. चपला बाहेर काढून आला. त्याला विचारलं तेव्हा त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला आणि त्यानं काकांकडं पाहिलं.

मला वाटलं होतं अशा वेळी माणूस फार विचार करत असेल. मी काहीच विचार केला नाही. मी पर्स उघडली, रुमाल काढला आणि अडकित्ता टेबलावर ठेवला.

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "चुकून आला. यादी वाचताना हातात आला आणि पर्समध्ये गेला."

चुकून. या शब्दाची किंमत त्या खोलीत फक्त मला माहीत होती. कृत्य तेच, वस्तू तीच, माणसंही तेवढीच, पण चुकून म्हटलं की मन निघून जातं आणि चोरी उरत नाही. तीन वर्षांच्या शिक्षणाचा मी हा एवढाच उपयोग केला. ड्रायव्हरला वाचवायला खरं बोलले आणि आम्हाला वाचवायला त्याच वाक्यात खोटं.

सगळ्यांना हायसं वाटलं. फौजदारांनी कागद ओढला. यादी वाचणाऱ्या बाईकडून नजरचुकीने, असं त्यांनी तोंडानं म्हणत लिहायला घेतलं आणि थांबून सासूला विचारलं, "नजरचुकीनं लिहू ना, मावशी? तुमची काही हरकत?"

सासूनं अडकित्ता हातात घेतला. एकदा उघडला, एकदा मिटला. मग माझ्याकडं बघितलं, आणि त्या क्षणी मला कळलं की कोनाड्याकडं माझा हात गेला तेव्हा ती बहिणीकडं नव्हे, माझ्याकडं बघत होती.

"लिहा," ती म्हणाली. "तिच्या मनातलं तिला ठावं."

तिनं अंगठा दिला. चुलतभावानं वाकून तिची माफी मागितली. बहिणीनं या वेळी पाया पडायला वाकून मध्येच स्वतःला आवरलं. पंधरा मिनिटांत आम्ही बाहेर होतो. काका एकदम बोलके झाले होते, भोकरदनला चहा घेऊ म्हणत होते. चुलतभावानं माझा हात धरून दाबला. तो आता कायम झालाय आणि अजूनही सांगतो की ताईनं वेळेवर सांगितलं म्हणून वाचलो.

चहाच्या टपरीवर ड्रायव्हर उतरला नाही. काका स्वतः त्याचा कप घेऊन खिडकीशी गेले. मी मागंच उभी होते. त्यानं कप घेतला, पण प्यायला नाही, डॅशबोर्डवर ठेवला.

"काका," तो म्हणाला, "पुढच्या खेपंला माणसं मोजाल तेव्हा मला धरून मोजा."

मी मनातल्या मनात मोजलं, तर आम्ही पहिल्यापासून सहा होतो. घनसावंगीच्या दारातून निघतानाच पाच पुरे होते आणि मला बोलवायची कोणाला गरजच नव्हती.